वाटेचा फोटो दरवेळी सपाटच येतोय? लेन्स राहू द्या, आधी उंची बघा

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. झाडीतून जाणारी एखादी वाट दिसते, पाय आपोआप थांबतात, वाट आत आत ओढून नेतेय असं वाटतं, मग आपण फोन काढतो, फोटो घेतो आणि नंतर बघतो तर मधे एक मातकट पट्टा उभा, दोन्ही बाजूंना हिरवा गोंधळ, वर पांढरंफटक आभाळ. खोली शून्य. जणू कुणीतरी भिंतीवर वाटेच्या रंगाची पट्टी चिकटवलीय. आणि हे एकदा नाही, दरवेळी. दहातले नऊ फोटो असेच येतात आणि जो एक बरा येतो तो का बरा आला ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी परत तेच.

मी या चक्रात बराच काळ होते. आधी वाटलं फोन जुना आहे, मग अल्ट्रावाइड (फोनची सगळ्यात जास्त पसारा फ्रेममधे घेणारी लेन्स) वापरून बघितलं, मग वाइड लेन्सवर पैसे घातले, मग एडिटिंगमधे रंग इतके चढवले की गवत प्लॅस्टिकचं वाटायला लागलं. पट्टा मात्र पट्टाच राहिला. शेवटी कधीतरी कंटाळून कागदावर दोन रेघा मारून भूमिती बसवली तेव्हा उजेड पडला, आणि तोच सगळा प्रकार इथे लिहितेय.

आधी लेन्सचं भूत उतरवून टाकू. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं किती मोठं आणि लांबचं किती लहान दिसणार हा हिशोब, तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो, लेन्सवर नाही. खोटं वाटत असेल तर करून बघा: एका जागी उभं राहून एक फोटो साध्या लेन्सने आणि एक झूम लेन्सने काढा, मग पहिल्यातला झूमवाल्या फोटोएवढा भाग कापून दोन्ही शेजारी ठेवा. झाडांची एकमेकांशी मापं तीच, वाटेच्या कडांचा कोन तोच, फक्त कापलेल्यात पिक्सेल कमी. वाइड लेन्सने खोली वाढल्यासारखी वाटते ती त्यात पायाजवळचं काहीतरी मोठं होऊन येतं म्हणून. पण पायाजवळ काही बघण्यासारखं नसेल तर वाइडने काय होणार, रिकामी माती जास्त येणार आणि लांबची छान कमान मुंगीएवढी होणार.

आता मुद्द्याचं. जमीन साधारण सपाट असेल, वाट सरळ असेल, तुम्ही वाटेच्या मधोमध असाल आणि कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ समोर धरला असेल, तर वाटेच्या दोन कडा फोटोत किती फाकलेल्या दिसणार हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं: वाटेची रुंदी आणि कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची. झूमचा संबंध नाही, मेगापिक्सेलचा तर नाहीच.

आकडे घालून बघू. पायवाट समजा ५० सेंटिमीटर रुंद आहे, बहुतेक पायवाटा साधारण अशाच असतात, आणि तुम्ही उभं राहून चेहऱ्यासमोर फोन धरलाय म्हणजे साधारण दीड मीटरवर. तर दोन कडांमधला कोन येतो फक्त १९ अंश. म्हणजे जवळजवळ उभ्या समांतर रेघा. हाच तो पट्टा! डोळ्याला मात्र तो पट्टा वाटत नाही कारण आपण हलत असतो, दोन डोळ्यांनी बघतो, आणि वाट लांब जातेय हे मेंदूला आधीच माहीत असतं. फोटोतून हे सगळं काढून टाकलं जातं आणि उरतो तो १९ अंश. आता तीच वाट, तीच जागा, फोन फक्त ४० सेंटिमीटरवर आणा. कोन होतो ६४ अंश. त्याच वाटेच्या कडा आता पायाशी रुंद फाकून वर टोकाशी मिळतात आणि फोटोत लगेच लांबी दिसायला लागते.

पण थांबा, म्हणून उद्यापासून प्रत्येक वाटेवर लोळण घेऊ नका. ३ मीटर रुंदीचा कच्चा रस्ता असेल तर दीड मीटर उंचीवरच कोन ९० अंश येतो, छान येतो, उभं राहूनच काढा. तिथे जर ४० सेंटिमीटरवर गेलात तर कोन होईल १५० अंश, म्हणजे रस्ता फोटोत पापडासारखा चपटा. "खाली बसून काढ, भारी येतो" हा सल्ला सगळे देतात, पण तो कुठल्या वाटेला लागू आणि कुठल्या नाही हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक एकदा बसून काढतात, फोटो बिघडतो आणि परत उभे राहतात. माझा हिशोब असा: कॅमेऱ्याची उंची वाटेच्या रुंदीएवढी ठेवली तर कोन साधारण ५३ अंश, रुंदीच्या निम्मी ठेवली तर ९०. या दोन्हीच्या मधे कुठेही चालतं. अर्ध्या मीटरची पायवाट असेल तर पाव ते अर्धा मीटर, म्हणजे नडगीपासून गुडघ्यापर्यंत. दीड मीटरची बागेतली वाट असेल तर गुडघ्याच्या वरपासून उभं राहून चेहऱ्यापर्यंत काहीही. टेप लावून मोजायची गरज नाही, दोन पावलं आडवी टाकून अंदाज येतो.

खाली जाताना फोन उलटा धरा. म्हणजे लेन्सची बाजू खाली. बहुतेक फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा धरला की तीच लेन्स जमिनीपासून चार बोटांवर येते, नाहीतर बसून सुद्धा लेन्स वरच राहते. फोटो बहुतेक वेळा आपोआप सुलटा सेव्ह होतो, नाही झाला तर फिरवायचा, त्यात काय.

खाली गेल्यावर तीन नवीन भानगडी सुरू होतात आणि लोक तिथेच वैतागतात. पहिली, जवळच्या गवतामुळे काही फोन आपणहून मॅक्रो मोडमधे, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीच्या मोडमधे, उडी मारतात, फ्रेम एकदम वेगळी होते आणि लांबचं सगळं लोण्यासारखं. स्क्रीनवर फुलाचं चिन्ह आलं की समजायचं, ते बंद करा आणि वाटेवर थोडं लांब, दीड-दोन मीटरवर बोट टेकवून फोकस लॉक करा. मोठा कॅमेरा असेल तर फुलफ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ मिलिमीटरची लेन्स आणि एफ ११ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) ठेवून साधारण पावणेदोन मीटरवर फोकस करा, ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत बऱ्यापैकी धारदार येतं. त्याहून जवळचं दगडगवत पण स्पष्ट हवं असेल तर जवळचा एक, लांबचा एक असे दोन फोटो घेऊन जोडावे लागतात, छिद्र अजून लहान करून एफ २२ वर नेऊन फार फायदा नाही, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच थोडं मऊ होतं.

दुसरी भानगड, पुढ्यातलं एकच गवताचं पातं. वरून दिसतसुद्धा नव्हतं ते आता झाडाएवढं होऊन मधोमध उभं. अर्धा वीत सरका, बास. उपटू नका हो, सरकून काम होतं.

तिसरी सगळ्यात मोठी. खाली बसलं की हात आपोआप फोन वर झुकवतो, कारण खालून स्क्रीन नीट दिसत नाही आणि झाडाचे शेंडे पण हवे असतात. मग दोन्हीकडची झाडं आत पडायला लागतात, वाट फ्रेमच्या तळाशी दाबली जाते आणि आपण जिच्यासाठी गुडघे ओले केले तीच गायब. कॅमेऱ्यात लेव्हल (फोन सरळ आहे का ते दाखवणारी खूण) आणि ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करा, फोन सरळ धरा, क्षितिज बरोबर फ्रेमच्या मधे येईल. "पण मग वरचं अर्धं आभाळच आहे!" तर असू दे, नंतर वरून कापा. झुकवून आभाळ टाळण्यापेक्षा सरळ धरून कापलेलं कधीही चांगलं, झाडं उभी राहतात. शेंडे हवेच असतील तर फोन उभा धरा, किंवा मागे जा. मी एका लांबलचक सुट्टीत काढलेले सगळे फोटो याच एका कारणाने घालवलेत, प्रत्येक झाड फोटोच्या मध्याकडे झुकून कानगोष्टी करतंय असं दिसतं.

एवढं सगळं करून सुद्धा काही वाटा बिघडतात, आणि त्या जास्त करून वळणाच्या असतात. इथे नियम उलटा होतो. नागमोडी वाटेची गंमत कडा किती फाकल्यात यात नसते, वळणं एकावर एक किती मोकळी दिसतात यात असते, आणि त्याला उंची लागते. समजा तुमच्यापासून १० मीटर ते ३० मीटर या टप्प्यात एक सुंदर वळण आहे. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने, जो फुलफ्रेमच्या हिशोबाने साधारण २६ मिलिमीटरचा असतो, ४००० पिक्सेल उंचीचा उभा फोटो काढला तर दीड मीटरवरून ते वळण उभ्या दिशेत ३०० पिक्सेलच्या आसपास जागा घेतं. ४० सेंटिमीटरवर बसलात तर फक्त ८० पिक्सेल. चार हजारात ऐंशी! वळण नाहीच ते, आडवी रेघ आहे. आणि बाजूच्या उंचवट्यावर चढून लेन्स ३ मीटरवर नेलीत तर तेच ६०० पिक्सेल.

म्हणजे सरळ अरुंद वाटेला खाली जा, वळणाच्या वाटेला वर चढा. इतकं साधं आहे, आणि मी कित्येक वळणं खाली बसून मारलीत. पायरी, दरड, पूल, कठडा, जे मिळेल ते. काहीच नसेल तर फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून टायमर लावा, अर्धा मीटर तरी मिळतो.

वळणांना झूम पण आवडतो. वर म्हटलं झूमने पर्स्पेक्टिव्ह बदलत नाही, ते खरंच आहे, पण लांबची तीन-चार वळणं आधीच एकमेकांजवळ दिसत असतात, झूम फक्त तेवढाच भाग मोठा करून देतो आणि रिकामी पुढची जमीन फ्रेमबाहेर ठेवतो. ३ पट झूमवर ते ३०० पिक्सेलचं वळण ९०० चं होतं. अल्ट्रावाइडवर नेमकं उलटं, वळण निम्म्यावर येतं. तरी नागमोडी वाट दिसली की लोकांचा अंगठा पहिला अल्ट्रावाइडकडेच जातो, का ते देव जाणे.

चढाची वाट हा वेगळाच ताप. धाप लागेपर्यंत चढायचं, वर बघून फोटो काढायचा आणि फोटोत ती वाट जमिनीसारखी सपाट! कारण असं की चढ समोर असला की आपण कॅमेरा चढाएवढाच वर झुकवतो, मग वाटेच्या कडा जिथे मिळतात तो बिंदू परत फ्रेमच्या मधेच येतो, जसा सपाट वाटेत येतो, आणि चढ ओळखायला फोटोत काही उरतच नाही. इलाज म्हणजे एकतर कॅमेरा सरळ धरा म्हणजे वाट क्षितिजाच्या वर चढताना दिसेल, किंवा फ्रेममधे काहीतरी नक्की उभं असलेलं घ्या, झाडाचं खोड, खांब, माणूस. सगळ्यात चांगलं म्हणजे समोरून काढूच नका, वाट जिथे वळते तिथे जाऊन बाजूने काढा, कडेची तिरकी रेघ आली की चढ लगेच कळतो. उताराचं दुखणं वेगळं, तिथे वाट मधेच गायब होते कारण उतार पुढे अजून तीव्र झालेला असतो आणि मधला भाग कड्याआड लपतो. त्यावर उपाय एकच, चार-पाच पावलं पुढे जाऊन परत बघायचं. कधी कधी तो गायब भागच छान वाटतो, वाट हवेत संपल्यासारखी, तेव्हा राहू द्या.

आता दुसऱ्या प्रकारचा सपाटपणा. उंची बरोबर, फोन सरळ, तरी वाट दिसतच नाही. हा भूमितीचा नाही, उजेडाचा प्रश्न आहे. ओळखायचं कसं, तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. वाट तरीही वेगळी दिसली तर ठीक. बाजूच्या गवतात किंवा पाचोळ्यात मिसळून गेली तर समजा तुम्ही रंगावर फसलात. लाल माती आणि हिरवं गवत डोळ्याला केवढं वेगळं, पण दोन्हीचा करडेपणा सारखा असू शकतो. मी आता काढण्याआधीच फोनचा मोनो फिल्टर लावून बघते, पटकन कळतं.

वाट कडांनी वेगळी पडते तिरप्या उजेडात, सकाळ-संध्याकाळ, सूर्य बाजूला किंवा थोडा समोर असताना, कारण तेव्हा प्रत्येक खड्ड्याला आणि दगडाला सावली मिळते. सूर्य पाठीशी असेल तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, सगळं एकसारखं उजळ, वर तुमची स्वतःची सावली वाटेवर लांब पडलेली. पाऊस पडून गेल्यावर ओली वाट आभाळ परावर्तित करते आणि काळपट झाडीत चांदीच्या पट्टीसारखी चमकते, तेव्हा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर काढून ठेवा, तो नेमकी तीच चमक खाऊन टाकतो. आणि झाडीतला भर दुपारचा कवडशांचा उजेड... कठीण आहे. वाटेवर पांढरे डाग, बाजूला काळा अंधार, फोनचं एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग सांभाळून घेणारी सोय) मग सावल्या उचलून सगळं एकाच करड्या पातळीवर आणतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढून बघा, नाहीतर ढग यायची वाट बघा. नसेल ढग तर मी सरळ सोडून देते.

धुकं मिळालं तर मात्र पाया पडून घ्या. लांबचं फिकट, जवळचं गडद, एवढ्यानेच खोली तयार होते, चित्रकार शेकडो वर्षं हेच वापरत आलेत, लिओनार्दो दा विंचीने यावर सविस्तर लिहून ठेवलंय. आणि आपण काय करतो, एडिटिंगमधे डीहेज, म्हणजे धूसरपणा काढणारा स्लायडर, ओढतो. निसर्गाने फुकट दिलेली खोली एका स्लायडरने पुसायची. नका करू.

शेवटचा बिघाड म्हणजे वाट उत्तम आलीय पण नजर त्यावरून जाऊन टोकाला पोचते आणि तिथे काहीच नाही. होब्बेमा नावाच्या डच चित्रकाराचं १६८९ सालचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, मिडेलहार्निसचा वृक्षरस्ता, नेटवर सहज सापडेल. रस्ता अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना उंच सडपातळ झाडं, क्षितिज खाली, आणि रस्त्यावरून एक माणूस आपल्याकडे चालत येतोय. रूल ऑफ थर्ड्सवाल्यांनी, म्हणजे मुख्य गोष्ट मधे नको, एक तृतीयांशावर ठेवा म्हणणाऱ्यांनी, ते जरूर बघावं. सरळ वाट मधोमध ठेवायला काही पाप लागत नाही. एक्स-रेमधे असं दिसलं की त्याने पुढच्या बाजूला आधी रस्त्याच्या दोन्हीकडे एकेक झाड अजून काढलं होतं आणि मग रंगाखाली घालवलं. म्हणजे त्यालाही तोंडाशी गर्दी नको होती. आपण तर नुसते दोन पावलं पुढे जाऊ शकतो.

माणूस घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सपाट जमिनीवर कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल तर तुमच्याएवढ्या उंचीचा कुणीही, ५ मीटरवर असो की ५० मीटरवर, त्याचे डोळे क्षितिजाच्या रेषेवरच येणार. त्यामुळे डोकी नेमकी लांबच्या झाडीच्या गडद पट्ट्यात घुसतात आणि माणूस हरवतो. कॅमेरा गुडघ्यावर आणला की क्षितिज त्यांच्या गुडघ्यातून जातं, धड आणि डोकं वर मोकळ्या उजेडात सुटं उभं राहतं. आणि पाऊल उचललेलं असताना क्लिक करा, दोन पायांत फट दिसली की चालतोय हे लांबूनही कळतं, पाय जुळलेले असले की खुंटा वाटतो.

कुणीच येत नसेल तर स्वतःच जा. फोन दगडाला टेकवून लेव्हल बघायची, १० सेकंदांचा टायमर लावायचा आणि नेहमीच्या चालीने निघायचं, साधारण १२ मीटरवर पोचता, तिथे माणूस उभ्या फोटोच्या उंचीचा दहावा भाग भरतो, म्हणजे दिसतो पण वाटेला झाकत नाही. पळू नका. मी पळून तीनदा घसरलेय, आणि त्यातल्या एका फोटोत वाट इतकी सुरेख आलीय की तो अजून डिलीट करवत नाही.